नांदायला आलेला माणूस

माझ्या लग्नात नवरी सासरी गेली नाही, मी गेलो.

सव्वीस वर्षांपूर्वी एक ट्रंक, पुस्तकांची दोन खोकी आणि एक वळकटी घेऊन मी नेसरीहून कोल्हापूरला, राजारामपुरीत सासऱ्यांच्या घरी राहायला आलो. बायको एकुलती एक. तिच्या वडलांची बघण्याच्या कार्यक्रमातच अट होती, की जावयानं इथंच राहायचं. मला नुकतीच कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवायची नोकरी लागली होती आणि मी एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो. गावाकडची शेती थोरला भाऊ बघत होता. त्यामुळं अडचण अशी कुणालाच नव्हती. फक्त आई एसटीपर्यंत सोडायला आली आणि लेकीला सासरी धाडताना बायका रडतात तशी रडली. थांब्यावरच्या बायका हसल्या. एक जण म्हणालीसुद्धा, "आगं, गडी हाय तो. त्येची कसली पाठवणी करतीस?"

मीही हसलो होतो. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, हसायला येत होतं.

सासऱ्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. माणूस भला होता. आठ वर्षांनी ते गेले, पण दारावरची पितळी पाटी त्यांच्याच नावाची राहिली. ती बदलावी असं मला कधी सुचलं नाही आणि दुसऱ्या कुणी तसं म्हटलंही नाही. लाईटचं बिल, गॅस, पाण्याचा मीटर, सगळं आजही त्यांच्याच नावावर येतं.

सासूला मी आत्ती म्हणतो. सीमेकडच्या आमच्या गावांत तसंच म्हणतात. आत्ती संकेश्वरच्या, कन्नड बोलणाऱ्या घरातल्या. वयाच्या सतराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि इथली मराठी त्यांनी इतकी पक्की उचलली की बाजारात त्यांच्याशी घासाघीस करायला भाजीवाल्या कचरत. मला त्या पहिल्या दिवसापासून 'पावणं' म्हणत आल्या. कोल्हापुरात रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसालाही पावणं म्हणतात आणि जावयालाही. जावयाच्या बाबतीत तो मान असतो, नावानं हाक मारायची नसते. "पावणं, च्या ठेवलाय." "पावणं, तेवढं दार लावून घ्या." या हाकेत कधी खोट नव्हती. पण रोज सकाळी ती ऐकून मी त्या घरात आदल्याच दिवशी आल्यासारखा उठायचो.

मला कुणी त्रास दिला नाही. उलट मला मोठं ताट, पहिली भाकरी, बसायला पंख्याखालची जागा. नळाला पाणी आलं तर घागर मला कधी उचलू दिली नाही. मुलगी लहान असताना तिच्यावर मी एकदा आवाज चढवला, तर घरात दिवसभर सगळे हळू बोलत होते. तेव्हापासून मी आवाज चढवला नाही. जगाचा एक मोठा नकाशा मी बरोबर आणला होता. भिंतीला खिळा मारू का, असं विचारायचं राहून गेलं. तो गुंडाळी होऊन कपाटामागं गेला.

मुलगी शिकून बंगळूरला नोकरीला गेली. बायको बँकेत. दोन वर्षांपूर्वी तिला बढती मिळाली आणि बदली नागपूरला झाली. नाकारली असती तर पुन्हा संधी नव्हती. तिनं मला विचारलं आणि मी जा म्हणालो, मनापासून म्हणालो. एका जूनमध्ये तिचं सामान गेलं आणि घरात मी आणि आत्ती एवढेच उरलो.

आम्ही दोघंही अबोल नव्हतो, पण एकमेकांशी बोलायची सवय आम्हाला नव्हती. इतकी वर्षं जे काही सांगायचं ते बायकोमार्फत जायचं. "आईला सांग, उद्या मला डबा नको." "त्यांना विचार, दळण आणतील का." मधला माणूस गेल्यावर ते बोलणंच बंद झालं. आत्ती संध्याकाळी सातला जेवून घ्यायच्या आणि माझं ताट झाकून ठेवायच्या. मी साडेआठला एकटा जेवायचो. त्या आतल्या खोलीत टीव्ही लावायच्या आणि मी बाहेर वह्या तपासायचो. त्यांची संकेश्वरची धाकटी बहीण होती तोवर दर रविवारी फोनवर अर्धा तास मोठमोठ्यानं कन्नड चालायचं. ती बहीण वारली त्यानंतर घरात कन्नड ऐकू आलं नाही. मला ते थोडंफार येत होतं, नेसरीच्या बाजारात लहानपणी कानावर पडलेलं. पण तेही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

बारावीला लोकसंख्येचा धडा असतो. त्यात लोकसंख्येचा मनोरा, कमावते आणि अवलंबून असलेले यांचं प्रमाण, आणि मग स्थलांतर. पुस्तकात जड शब्द आहेत. मी वर्गात सरळ 'ढकलणारी कारणं' आणि 'ओढणारी कारणं' म्हणतो. गावात काम नाही, हे ढकलणं. शहरात दवाखाना आहे, कॉलेज आहे, हे ओढणं. दोन्हीच्या मध्ये अंतर, भाषा आणि घरच्यांचा विरोध. मुलांना हे पटकन समजतं, कारण निम्म्यांचे वडील कुठून ना कुठून आलेले असतात.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी मी त्यांना पाहणी करायला लावली. आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात. बहुतेकांनी लिहून आणलं, 'आमच्या घरात स्थलांतरित कोणी नाही.'

मी विचारलं, "तुझी आई कुठली?"

"भुदरगड तालुक्यातली, सर."

"मग?"

"ती लग्न करून आली की."

"तेच स्थलांतर. आपल्या देशात घर सोडून दुसरीकडं गेलेल्यांत सगळ्यात जास्त अशाच बायका आहेत. आपण त्यांना मोजत नाही, कारण त्या रोज आपल्याला जेवायला वाढतात."

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गडी माणूस जातोय व्हय कधी लग्नामुळं?"

"क्वचित," मी म्हणालो आणि फळ्याकडं वळलो.

पुढचा टप्पा कॉलेजजवळच्या गल्ल्यांतली घरं. दोघादोघांची जोडी, प्रत्येक जोडीला काही घरं. तक्ता मीच तयार करून दिला होता. नियमही मीच सांगितला होता. घरातलं माणूस म्हणून कुणाला धरायचं? जो नेहमीचा रहिवासी आहे त्याला. म्हणजे पुढचे सहा महिने तरी जो इथंच राहणार आहे त्याला. आला-गेला पाहुणा मोजायचा नाही.

आठवड्यानं वह्या आल्या. दुपारी मोकळ्या तासाला मी स्टाफरूममध्ये तपासत होतो. उचगावहून येणाऱ्या एका मुलीची वही नीटनेटकी होती. तिसऱ्या घराचा तक्ता असा होता: कुटुंबप्रमुख, एक आजी. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मस्थळ संकेश्वर. इथं येण्याचं कारण, विवाह. दारात कढीपत्त्याचं झाड. घरातील एकूण व्यक्ती, एक. खाली शेरा: 'एक पाहुणे राहतात. मोजले नाहीत.'

मी तो तक्ता दोनदा वाचला. मग वही मिटवून बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. पुन्हा तीच उघडली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावलं. तिला ते घर माझं असल्याचं माहीत असायचं कारण नव्हतं. पाटीवर सासऱ्यांचं आडनाव.

"या तिसऱ्या घरात पाहुणे किती दिवसांपासून राहतात, विचारलंस का?"

ती घाबरली. "विचारलं की सर. आजी म्हणाल्या, लई दिवस झालं. मग मी विचारलं, पुढं सहा महिने ऱ्हाणार हायत का? तर म्हणाल्या, न्हाय सांगता येत. जातील ते."

"जातील म्हणाल्या?"

"व्हय सर. 'सगळीच जात्यात, पावणंबी जातील. माझं एकटीचं लिही' म्हणाल्या. चुकलं काय सर?"

"नाही. नियमाप्रमाणं बरोबर आहे," मी म्हणालो आणि तिला पूर्ण गुण दिले.

चार दिवस मी घरी काही बोललो नाही. जेवताना झाकलेलं ताट उघडायचो आणि तेच डोक्यात यायचं. मला राग आला होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सव्वीस वर्षांत मी या घरातून एका म्हाताऱ्या माणसाला खांदा दिला होता, एका मुलीला शाळेत पोचवलं-आणलं होतं. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, आत्ती शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसलो.

"आत्ती, कॉलेजची मुलं आली होती ना पाहणीला? तुम्ही घरात एकच माणूस सांगितलं."

त्यांनी मान वर केली नाही. "ती तुमची पोरं व्हय? मला वाटलं मताच्या यादीची हायत."

"मला पाहुणा म्हणालात."

"मग काय म्हणायचं? पावणंच म्हणतोय की आम्ही."

"तसं नाही. जातील म्हणालात."

आता त्यांनी सुपातला हात थांबवला. "तुम्हीच म्हणालासा की. मागं एकदा भावाशी फोनवर बोलत होता. दिवाळी झाली की नेसरीला येतो, गोठ्याच्या बाजूला दोन खोल्या काढू, कोल्हापुरात आता माझं काय हाय. मी आत नव्हते व्हय? कान हायत मला."

मी खरंच तसं बोललो होतो. असल्या गोष्टी माणूस संध्याकाळी एकटा असला की बोलतो. त्या फोनपाठोपाठ आत्तींनी त्यांचं गणित मांडलं होतं. लेक नागपूरला, नात बंगळूरला, जावई नेसरीला. बाकी कोण उरतं?

"मी रागानं न्हाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "खरं ते सांगितलं. पोरगी लिहून घेत होती, खोटं कशाला सांगायचं?"

मी सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागलो. त्यांनी नको म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी नेसरीला गेलो. दादानं चांगलं स्वागत केलं. वहिनीनं कोंबडी केली आणि मला पाटावर बसवून वाढलं. पुतण्यांनी मोबाईल बाजूला ठेवून नमस्कार केले. दुसऱ्या दिवशी मी गोठ्याच्या बाजूची जागा बघायला गेलो. तिथं पत्र्याची नवी शेड उभी होती, दुधाची मशीन आणि पेंडीची पोती. पुतण्यानं म्हशी वाढवल्या होत्या.

"तुझ्या खोल्यांचं बघू की," दादा म्हणाला. "वरच्या अंगाला जागा हाय. पण तू हितं करणार काय? तुला धार काढाय येतीया का आता?"

"येईल की."

"आरं, दोन दिस ऱ्हा, खा, पी, माघारी जा. गावात तुझ्या वयाचं कोण हाय सांग बरं. पुण्याला एक, मुंबईला दोन, एक मेला." तो प्रेमानंच बोलत होता. "वर्गात पोरांना शिकवतोस न्हवं, गावं रिकामी हुत्यात म्हणून? ती हीच की."

चार दिवस राहायचं ठरवून गेलो होतो, तिसऱ्या दिवशी निघालो. वहिनीनं शेंगदाण्याची पिशवी बांधून दिली आणि म्हणाली, "भावजी, आता शिमग्याला या." पावणा निघाला की जसं म्हणतात तसंच.

आमची एसटी गडहिंग्लजवरून संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरला जाते. इतकी वर्षं मी आत्तींच्या माहेरावरून येत-जात होतो आणि एकदाही उतरलो नव्हतो. त्या दिवशी उतरलो. का ते नक्की सांगता येणार नाही. कोल्हापुरात लवकर पोचायची घाई नव्हती, एवढं खरं. बायकोकडून ऐकलेल्या खुणांवरून विचारत विचारत त्या गल्लीत गेलो. मोडकं कन्नड बोललो, लोकांनी मराठीत उत्तरं दिली. घर विकून बरीच वर्षं झाली होती. तिथं आता खाली मोबाईलचं दुकान, वर दोन मजले. मागची विहीर मात्र जाळी टाकून ठेवलेली होती. दुकानदारानं ती दाखवली आणि "पाणी अजून हाय" म्हणाला. बाजारातून मी अर्धा किलो लाल मिरची घेतली, संकेश्वरी, लांबट आणि पातळ सालीची, आणि पुढची गाडी पकडली.

घरी आलो तेव्हा आत्ती दारातच होत्या. मिरच्यांची पिशवी हातात दिली. त्यांनी एक मिरची काढून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"कुठनं आणली?"

"संकेश्वरहून. तुमच्या घराकडं गेलो होतो."

त्या खाली पायरीवरच बसल्या. मग एकामागून एक विचारत गेल्या. वाडा हाय का? नाही. समोरचं मारुतीचं देऊळ? आहे, रंग दिलाय. विहीर? आहे, जाळी टाकलीय. पाणी? आहे म्हणाला दुकानदार.

"माझ्या अव्वानं त्या विहिरीवर मला पोहाय शिकवलं," त्या म्हणाल्या. अव्वा म्हणजे आई. "पोटाला वाळला भोपळा बांधून. लग्न झाल्यावर परत कधी पाण्यात उतरले न्हाय. इथं कुठं उतरणार?"

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या लेकीलाही माहीत नव्हतं, नंतर विचारलं तेव्हा कळलं. एकसष्ट वर्षं त्या बाईला पोहता येत होतं आणि या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर आमचं बरं चाललं होतं. जेवायच्या वेळा एक झाल्या असं नाही, पण मी जेवताना त्या बाहेर येऊन बसायच्या. नेसरीच्या खोल्यांचा विषय मी पुन्हा काढला नाही. त्यांनीही काढला नाही. पण जानेवारीत त्या न्हाणीत घसरून पडल्या. मी कॉलेजात होतो. शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण पुढचे कितीतरी दिवस त्यांना उठता-बसताना कुणीतरी लागणार होतं, आणि जावयानं सासूला न्हाणीत न्यायचं ही गोष्ट त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं. बायको रजा काढून आली. आठ दिवसांनी म्हणाली, "अहो, मी आईला घेऊन जाते. क्वार्टरमध्ये चोवीस तास बाई ठेवता येते. इथं तुम्ही दिवसभर बाहेर."

"त्यांना विचारलंस?"

"विचारून काय होणार आहे?"

आत्तींनी विरोध केला नाही. एक पातळ, दोन पातळ असं करत पिशवी भरली. तेवढं मिरचीचं तिखट डब्यात घातलं. निघताना मला म्हणाल्या, "कढीपत्त्याला पाणी घाला. जास्त घालू नका." रेल्वेत खालचा बर्थ मिळाला होता. मी खिडकीपाशी उभा राहिलो. गाडी हलली तेव्हा त्या पदर सारखा करत होत्या.

स्टेशनवरून मी चालत घरी आलो. कुलूप काढलं. त्या घराचं कुलूप बाहेरून काढायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. आत कायम कुणीतरी असायचंच. आता सगळ्या खोल्या माझ्या होत्या. कुठंही खिळा मारता आला असता.

पहिला महिना वाईट गेला. कॉलेज सुटलं की मी उगीचच थांबायचो. घरी आल्यावर टीव्ही लावायचो आणि बघायचो नाही. एक वाटी भाताला कुकर लावायला लाज वाटायची. गल्लीतल्या किराणावाल्यानं एकदा विचारलं, "सर, एकटंच हाय व्हय सध्या?" हो म्हणालो. तो म्हणाला, "मज्जा हाय की." मी पुन्हा हो म्हणालो.

मग एके दिवशी दुपारी चारला फोन आला. आत्तींनी तिथल्या सोबतीच्या बाईकडून नंबर लावून घेतला होता.

"बाई काय बोलतीया ते मला कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "हे लोक मराठीच बोलत्यात, पण येगळंच. पोरगी सातला येती. तोवर मी भिंतीकडं बघत बसते."

मी विचारलं, "ऊटा आतेन री?" म्हणजे जेवण झालं का.

मग त्या कन्नडमध्ये सुरू झाल्या आणि दहा मिनिटं थांबल्या नाहीत. मला निम्मं कळलं. जेवणात तेल जास्त असतं, खिडकीतून एक मोठा रस्ता दिसतो, तो ओलांडून कुणी येत नाही, एवढं समजलं.

आता रोज चारला फोन येतो. मंगळवारी मला उशिरापर्यंत तास असतो, त्या दिवशी नाही. मी त्यांना गल्लीतलं सांगतो. कुणाकडं पाणी आलं नाही, कुठल्या क्लासची पाटी बदलली, भाजी मंडईत वांगी कशी होती. त्या चुका काढतात. सव्वीस वर्षं एका छपराखाली राहून आम्ही जेवढं बोललो नाही, तेवढं या चार-पाच महिन्यांत बोललो असू. परत येण्याबद्दल त्या विचारत नाहीत आणि मीही म्हणत नाही. बायकोची बदली अजून दोन वर्षं तरी होणार नाही, आणि माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत.

काल बोलता बोलता त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा, पोरगी लवकर आली वाटतं," आणि फोन ठेवला. मी थोडा वेळ तो हातात धरून बसलो. मग उठून चहाचं भांडं घासलं, दोरीवरचे दोन शर्ट काढले आणि बाहेरचा दिवा लावून उद्याच्या तासाची टाचणं काढायला बसलो.